बाटलीमागे एक खडा

लोणच्याची बरणी आणायला म्हणून मी तळघरात उतरले आणि चपलेखाली काच करकरली. आधी वाटलं, झरोका गेला. रस्त्याच्या पातळीला असलेली आमची ती एकच काच, तिच्यावर कागदी पट्ट्या चिकटवलेल्या. पण ती धड होती. मग कोपऱ्यातला पडदा बाजूला सारला. मागच्या रांगेतली एक बाटली फुटली होती. नुसती तडकली नव्हती. तिचा गळा पडदा फाडून समोरच्या गादीत बोटभर आत घुसला होता. भिंत ओली, गादी ओली आणि सगळीकडे बिअरचा वास. एरवी ईस्टरला मला तो वास फार आवडतो. त्या दिवशी नाही, कारण हवाई हल्ल्याचा भोंगा झाला की त्याच गादीवर शेजारणीच्या नातीला, होदाला, बसवायचे.

मी वर आले. माझा नवरा गुर्गेन चहा पीत होता.

"तुझी एक बाटली फुटली."

"काच जुनी असेल गं एखादी," तो म्हणाला. हा माणूस असाच! उद्या घर कोसळलं तरी म्हणेल, वीट जुनी असेल.

"ऊठ आधी. खाली येऊन बघ आणि मग काय ते बोल."

बिअर बनवायची ही त्याच्या बापापासूनची रीत. सातूला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, उकळायचं आणि पावाचं खमीर घालून पिंपात आंबत ठेवायचं. पिंपातून एक नळी पाण्याच्या ग्लासात सोडायची. ग्लासात बुडबुडे येताहेत तोवर हात लावायचा नाही. ते थांबले की बाटल्या भरायच्या, बाटलीमागे साखरेचा एक खडा टाकायचा, वर पत्र्याचं बूच ठोकायचं आणि अंधारात मुरू द्यायचं. त्या एका खड्यावर बिअरला फेस चढतो. दर वर्षी थोड्या बाटल्या व्हायच्या, पण यंदा नणंदेचं, न्वार्दचं, लग्न होतं. उपासाच्या दिवसांत आमच्यात लग्नं लागत नाहीत, म्हणून ईस्टरनंतरचा मुहूर्त धरला होता आणि गुर्गेनने पडद्यामागे छतापर्यंत क्रेट रचले होते.

आम्ही आर्मेनियन. इस्फहानातल्या जुल्फा या आमच्या वस्तीत आम्ही आमच्या घरात आमच्यापुरतं काय पितो, तिकडे कोणी फारसं बघत नसे. पण मुसलमानाच्या नाकाखाली नको, आणि त्याला पाजायची तर नाहीच नाही. गुर्गेनने एकदा जुन्या मित्राला दोन बाटल्या दिल्या, तर इस्लामी क्रांतीचे कमिटीवाले घरात शिरून त्याला घेऊन गेले. परत आला तेव्हा कित्येक रात्री पालथा झोपत होता. सोडताना त्याला सांगितलं होतं, पुन्हा सापडलास तर बायकोला म्हणावं, दुसरा नवरा बघ. आणि आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर कोण राहायचं? तूबा खानुम. तिचा मुलगा जलाल त्याच कमिटीत होता.

बाई वाईट नव्हती हो. नमाजी, तोंडाने फटकळ, पण माझ्या आजारपणात तिनेच मला हाताने भरवलं होतं. सून होदाला जन्म देऊन गेली, तेव्हापासून नात हेच तिचं जग. तिच्याही वरच्या मजल्यावर मंसूर आगा. आबादानहून लढाईने हुसकलेला, एकटा, आणि घर गेलं त्याच्यावरसुद्धा विनोद करणारा. इराकची मिसाइलं शहरावर पडायला लागली, तेव्हा इमारतीला तळघर एकच, आमच्या घराखालचं. जीव वाचवायला येणाऱ्याला नको कसं म्हणायचं? गुर्गेनने क्रेटपुढे पडदा टांगला, पडद्याला गादी टेकवली आणि म्हणाला, "या, तुमचंच आहे." त्यावर तूबा खानुमने आपली रॉकेलची शेगडी खाली आणून ठेवली. "लेकराला गारठा बाधतो, अश्खेन जान. इथेच राहू दे." मंसूर आगा जाता-येता ती मंद पेटवून ठेवायचा, म्हणजे ऐन वेळी ऊब असेल.

गुर्गेनने खाली येऊन दुसरी एक बाटली उजेडात धरली आणि बघता बघता त्याचा चेहरा उतरला.

"बुडबुडे थांबले होते," तो म्हणाला. "मी स्वतः बघितलं होतं."

"थांबणारच! तेव्हा इथे बर्फ होता. ते झालं नव्हतं गुर्गेन, गारठलं होतं. आता शेगडी लागल्यावर पुन्हा जागं झालंय. आणि साखर कुठली घातलीस?"

"तुझ्या डब्यातली. बाटलीमागे एक खडा. बाबा सांगायचे तशी."

मी कपाळावर हात मारून घेतला. बाबांचा खडा म्हणजे कारखान्याचा, नखाएवढा, सगळे सारखे. यंदा कुपनावर ते मिळालेच नाहीत. मी साखरेची अख्खी ढेप आणून हातोडीने फोडली होती आणि माझे खडे लांबट, दातात धरला की दोन कप चहा जाईल असे.

"एवढा मोठा खडा हातात येतो आणि तुला काही वाटलं नाही?"

"सुळकन आत गेला. मला बरंच वाटलं."

डोक्यात राख घालून घेऊन काय उपयोग होता? एकच गोष्ट करता येण्यासारखी होती. प्रत्येक बूच हलकेच सैल करायचं, आतला जोर जाऊ द्यायचा आणि परत दाबायचं. गुर्गेनने मोटरसायकलचा चष्मा डोळ्यांना लावला, हातात माझे भट्टीचे हातमोजे घातले आणि बाटली ओल्या घोंगडीत गुंडाळली. पहिल्याच बुचाला फेस छताला जाऊन लागला. बाटली हलवायचीही भीती वाटत होती. एकेक बाटली तान्ह्या मुलासारखी उचलायची, श्वास रोखून. जेमतेम एक रांग झाली असेल नसेल, तर वरच्या रेडिओवर लाल भोंगा, म्हणजे हल्ल्याचा इशारा, वाजला. भर दुपारी, लोकांचे भात चुलीवर असताना.

मी फळीवरच्या लोणच्याच्या बरणीतला आंबट सिरका सरळ फरशीवर ओतला. वास झाकायला दुसरं काही सुचेना. गुर्गेनने शेगडी विझवली, पडदा ओढला, गादी उलटी करून टेकवली. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

"शेगडी का विझवलीत?" तूबा खानुमने उतरता उतरताच विचारलं. तिच्या अंगभर ओढलेल्या काळ्या चादोरला धरून मागे होदा, चार वर्षांची, लाल मोजे, मुठीत अक्रोड.

"रॉकेल संपत आलंय, खानुम," गुर्गेन म्हणाला.

"मी आणलंय ना! तेवढं कळतं मला." तिने डबा पुढे केला आणि मंसूर आगाने शेगडी पुन्हा पेटवली, चांगली मोठी. "आणि हा सिरक्याचा वास कसला? नाक झोंबतंय."

"बरणी सांडली माझ्या हातून."

"दुपारची लोणची काढायची तुला हौस भारी," ती म्हणाली आणि तिने होदाला उचलून नेमकं त्या गादीवर ठेवलं. "बस इथे, राणी. काचेपासून लांब."

काचेपासून लांब! त्या झरोक्याच्या वीतभर काचेला भिऊन ही बाई पोरीला काचेच्या डोंगराला टेकवून बसवत होती, आणि मला ते बोलता येत नव्हतं.

"होदा, माझ्याकडे ये गं. पिस्ते देते."

ती उठली, आली, ओंजळभर पिस्ते घेतले आणि परत जाऊन गादीवर बसली.

"माझ्या मांडीवर बस ना."

"अगं खिडकीखाली बसली आहेस तू!" तूबा खानुम माझ्यावर खेकसली. "वेड लागलंय का? तूच सरक इकडे."

गुर्गेन उठला आणि गादी थोडी पुढे ओढून पोर आणि पडदा यांच्यामध्ये पाठ लावून बसला. मंसूर आगा हसला. "काय गुर्गेन आगा, भिंतीला टेकू देताय का? आबादानला मीही दिला होता. तरी पडलीच."

मी आमच्या भाषेत नवऱ्याला म्हटलं, "मी सांगते यांना."

"सांगितलंस तर मी संपलो," तो समोर बघत, ओठही न हलवता म्हणाला.

"आणि नाही सांगितलं तर?"

"मी बसलोय ना मध्ये."

"तुझी पाठ काय लोखंडाची आहे?"

"अश्खेन, गप्प बस. दोन मिनिटांत भोंगा उतरेल, सगळे वर जातील, मग आपण..."

"काय कुजबुजताय?" तूबा खानुमने विचारलं. "काही बातमी आहे का?"

"नाही हो," मी म्हणाले. "मी गॅस बंद केला का, विचारत होते."

असं मी बोलले. पोरीचे लाल मोजे समोर दिसत असताना बोलले. शेगडीची ऊब पडद्याच्या दिशेने जात होती, आणि मी तोंडाला कुलूप लावून बसले होते, कारण दर वेळी तोंड उघडावं म्हटलं की गुर्गेनची ती सालं निघालेली पाठ डोळ्यांपुढे यायची. त्या रात्रींत त्याला मलम मीच लावलं होतं. पोरीला काही होणार नाही, मी मनाशी म्हणत होते, आत्ता उतरेल भोंगा, आत्ता उतरेल.

मग जमीन उडाली.

आवाज नंतर आला. आधी बूड फरशीवरून उचललं गेलं, छताची माती डोक्यावर पडली, दिवा गोल फिरला. तूबा खानुम मोठ्याने अल्लाला हाका मारायला लागली. मंसूर आगाने डोकं दोन्ही गुडघ्यांत घातलं. गुर्गेननेही कान झाकून घेतले होते. धूळ खाली बसायला लागली तशी मला पडद्यामागून एक आवाज ऐकू आला. टक्. आणि मागोमाग बारीकशी फसफस.

मी गुर्गेनकडे बघितलं. त्यानेही ऐकलं होतं. आणि गादी रिकामी होती.

हादऱ्याने पोरीचा अक्रोड सुटून गडगडत पडद्याखाली गेला होता. होदा पोटावर सरपटत त्याच्या मागे गेली होती. तिची कंबर पडद्याच्या आत, बाहेर फक्त ते मोजे हलत होते.

"होदाऽ! बाहेर ये! तिथे बिअर आहे! बाटल्या फुटतायत!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. फारसीतच ओरडले, सगळ्यांना कळेल अशी. झेप घेऊन तिचे दोन्ही पाय धरले आणि खेचली. तिच्या झग्यासकट, हनुवटी फरशीला घासत, कशीही खेचली. तिच्यावर मी पडले आणि माझ्यावर गुर्गेन पडला. त्याच क्षणी एक फुटली. तिची काच दुसरीला लागली, दुसरीची तिसरीला, आणि लाह्या फुटाव्यात तशा बाटल्या फुटायला लागल्या. पडद्याच्या चिंध्या झाल्या. गुर्गेन एकदा कण्हला, मग दातओठ खाऊन नुसता दाबून राहिला आमच्यावर.

शांत झालं तेव्हा फेस फरशीवरून वाहत होता. सिरका काय झाकणार होता आता? तळघर पिंपासारखं घमघमत होतं. गुर्गेनच्या सदऱ्याची चाळण झाली होती, मानेत, खांद्यात काचा चमकत होत्या. माझ्या खाली होदा रडत होती. हनुवटी सोलवटलेली, बाकी काही नाही. मुठीत अक्रोड.

तूबा खानुमने पोरीला माझ्या हातातून ओढून घेतलं. आधी डोळे बघितले, मग कान, मग एकेक बोट. फेस तिच्या चादोरला लागला, काळं कापड ओलं होत वर चढायला लागलं. तिने ते बघितलं. मग गुर्गेनला बघितलं, क्रेट बघितले आणि मग माझ्याकडे वळली.

"तुला कधीपासून माहीत होतं, या फुटणार ते?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण तिच्या डोळ्यांपुढे जमलं नाही.

"सकाळपासून."

"आणि मी हिला इथे बसवलं तेव्हा तू बघत होतीस."

"हो."

ती पुढे काहीतरी बोलणार तोच वरून बूट धावत आल्याचा आवाज आला. "आई! होदा! आई, कुठे आहात?" जलाल. मिसाइल पडलेलं बघून नाक्यावरून धावत आला असणार. गुर्गेनने डोळे मिटले. मी त्याचा हात धरला. त्याच्या रक्ताने माझा हात चिकट झाला, आणि माझ्या मनात एकच आलं, की याला घालायला एक धड सदरा तरी देऊ देतील का.

तूबा खानुमने बिअरने भिजलेली चादोर अंगावरून काढून तिथेच फेसात टाकली. इतक्या वर्षांत मी तिला चादोरवाचून बघितलं नव्हतं. केवढीशी होती ती! होदाला कडेवर मारून ती जिन्यात गेली आणि वरच्या वळणावर मुलाला अडवून उभी राहिली. आम्हांला तिची पाठ दिसत होती.

"आहोत, आहोत. काही झालेलं नाही."

"हिच्या हनुवटीला काय झालं? तुझी चादोर कुठे?"

"पडली पोर. लोणच्याच्या बरण्या फुटल्यात हादऱ्याने, सगळ्या सिरक्याचा चिखल झालाय. चादोर त्यातच भिजली. गुर्गेन आगाला काच लागलीय, मंसूर आगा बघताहेत."

"मी बघतो. सरक."

"तू कशाला काचेत नाचतोस? पडलंय तिकडे जा. लोक ढिगाऱ्याखाली असतील, आया ओरडत असतील, आणि तू इथे बरण्या मोजत बसणार?"

त्याला वास आला नसेल? देव जाणे. मग बूट वर गेले, रस्त्यावर धावले. मंसूर आगाने रोखलेला श्वास सोडला. विनोद त्यालाही सुचला नाही.

तूबा खानुमने जिन्यातूनच, मागे न वळता सांगितलं, "माझ्या पोटच्या पोराशी मी आजवर खोटं बोलले नव्हते." आणि ती पोरीला घेऊन वर गेली.

गुर्गेनच्या पाठीतल्या काचा आमच्यातल्याच एका डॉक्टरने घरी येऊन काढल्या. पालथा पडल्या पडल्या तो एवढंच म्हणाला, "उरलेल्या ओत." मी चष्मा लावला, हातमोजे घातले, एकेक बूच उघडलं आणि सगळी बिअर अंगणातल्या मोरीत ओतली. न्वार्दला सांगितलं, लग्नात चहा मिळेल. ती रडली, मी तिला रडू दिलं. तळघर साबणाने घासलं, भिंती घासल्या, गादी फेकली. चादोर धुऊन, इस्त्री करून वर नेली. तूबा खानुमने दारातच घेतली, बोटांच्या टोकांनी धरून. "विटाळ जायला वाहत्या पाण्यात पुन्हा धुवावी लागेल," म्हणाली आणि दार लावलं. मी दारापाशी उभी राहून रडले, अगदी लहान पोरीसारखी. मला क्षमा मागायची होती, आणि मागायला तोंड कुठे होतं?

पुढचा भोंगा झाला तेव्हा मंसूर आगा आला. गुर्गेन भिंतीला धरत धरत उतरला. तूबा खानुम आली नाही. मी जिन्याच्या तोंडाशी थांबले. वरून पावलं वाजेनात. मग राहवेना, तशीच वर धावले आणि दार ठोठावलं.

"खानुम! चला खाली. सगळं धुतलंय, काही उरलेलं नाही. शपथ घेऊन सांगते."

भोंगा चालूच होता.

"मला शिव्या द्या, हवं तर थोबाडीत मारा, पण पोरीला घेऊन चला. ती वरच्या मजल्यावर कशी राहील? खानुम!"

कडी निघाली. दार जेमतेम उघडलं. होदाला कोट चढवलेला होता, गुंड्यासुद्धा लावलेल्या. तूबा खानुमने तिला उचलून माझ्या हातांत दिलं. हात काढून घेण्याआधी तिने पोरीच्या कानावरची टोपी खाली ओढली.

"हिला घेऊन जा."

"आणि तुम्ही?"

"तिथे मी येणार नाही. जा लवकर, उभी काय राहतेस?"

होदाने माझ्या गळ्याला मिठी मारली. मी तिला उराशी घट्ट धरून जिना उतरायला लागले, आणि वर दाराला आतून कडी लागली.